दहा लाख रोजगारांत आपल्या पोरांची खुर्ची कुठली?



परवा जामसरला लग्नाच्या मांडवात एक पुढारी सांगत होते, "वाढवण बंदर होऊ द्या, मग आपल्या पोरांना वीटभट्टीवर जायची वेळच येणार नाही." लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसलो. इथं बोलतो.

माझे बाबा दिवाळी झाली की उचल घेऊन खाडीवर रेती काढायला जायचे. होडीतून बांबू तळाला रोवायचा, तो धरून खाली बुडी मारायची आणि लोखंडी बालदी भरून वर यायचं. दिवसभर तेच. एका कानानं ऐकू येईनासं झालं ते कायमचं. मग एका वर्षी मुकादमानं सक्शन पंप आणला. वीस जण आठवडाभर काढायचे ती रेती पंप एका रात्रीत ओढायला लागला. पुढच्या दिवाळीला मुकादम आमच्या पाड्यावर आलाच नाही.

आता वाढवणचं बघा. 19 जून 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 76,220 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. समुद्रात 1,448 हेक्टर भराव घालायचा आहे. एवढ्या जागेवर फक्त एक मीटर थर द्यायचा म्हटलं तरी जवळपास दीड कोटी घनमीटर माल लागतो, आणि समुद्रात एक मीटरनं भागत नाही. वाळू आणायची दमणसमोरच्या समुद्रातून. ती काय बालदीनं काढणार आहेत?

ती काढतात ड्रेझर जहाजानं. जहाज चालता चालता बाजूचा जाडजूड पाईप तळावरून घासत नेतं. पंप वाळू-पाणी ओढतो, वाळू जहाजाच्या पोटात बसते, पाणी बाहेर जातं. भरावाच्या जागी आलं की तळाची दारं उघडायची, नाहीतर पाईपनं वाळू फवारायची. म्हणजे बाबांच्या खाडीतला तोच पंप, फक्त हजारो पटींनी मोठा. जगातल्या सगळ्यात मोठ्या ड्रेझरच्या पोटात 46,000 घनमीटर माल मावतो. दहा घनमीटरचा डंपर धरला तर एका खेपेत 4,600 डंपर! आणि जहाजावर माणसं किती? पन्नाससुद्धा नाहीत. त्यातही सीडीसी आणि समुद्री प्रशिक्षणाचे दाखले नसतील तर पाय ठेवू देत नाहीत.

मंजुरीच्या वेळी सरकारनं सांगितलं, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे 10 लाख रोजगार. ठीक आहे. त्यात "प्रत्यक्ष" किती, "अप्रत्यक्ष" किती? अप्रत्यक्ष म्हणजे गेटबाहेरची चहाची टपरी आणि बांधकामावरची बिगारी असेल, तर ती आम्ही भिवंडी-वसईत आजही करतोच. त्यासाठी समुद्र बुजवायची गरज नव्हती. डहाणूच्या मच्छीमारांची तर आहे ती रोजीही त्याच पाण्यात आहे. त्यांची भाकरी काढून आम्हाला देतो म्हणणाऱ्यानं आधी आमच्या ताटात ती दाखवावी.

कुणी म्हणेल, "मग काय, पोरांनी आयुष्यभर बुड्याच मारायच्या?" नाही हो! त्या बुडीनं आमच्या घरात एक कान घेतलाय. यंत्र आलं याचं मला दुःख नाही. यंत्राच्या केबिनमध्ये कोण बसतं, एवढंच विचारतोय. जव्हार-मोखाड्याची कितीतरी पोरं पोकलेनवर हेल्पर राहून हात शिकली आहेत. बंदराच्या कामात हाच पोकलेन बार्जवर बसवतात, बार्जचे पाय समुद्रतळात रोवतात आणि खोदतात. आपल्या पोरांकडे हात आहे, कागद नाही. हा कागद द्यायला कुणी पुढं येतंय का? कौशल्य प्रशिक्षणाच्या घोषणा ढीगभर झाल्या. घोषणेवर पगार होत नाही.

म्हणून साध्या मागण्या आहेत. कुठलं यंत्र येणार, त्यावर किती जागा, कुठला दाखला लागतो, याची यादी मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. तालुक्याच्या आयटीआयमधून तो दाखला फुकट मिळू द्या, आणि काम सुरू असताना द्या, संपल्यावर नको. ठेकेदाराच्या करारातच स्थानिक आदिवासी ऑपरेटरांचा आकडा लिहा. आणि एक विसरू नका. 10 किलोमीटरच्या लाटरोधक बांधाला दगड लागणार, तो डोंगरातूनच येणार. पेसा क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. तो कागद समोर आला की न वाचता अंगठा देऊ नका.

पुढच्या वेळी मांडवात कुणी "रोजगार" म्हणालं की फक्त एवढंच विचारा: भाऊ, कुठल्या यंत्रावर, कुठली खुर्ची, कुठल्या तारखेपासून?

उत्तर मिळालं तर मलाही कळवा. पटलं असेल तर आपल्या पाड्याच्या ग्रुपवर टाका.