बुलबुलाचं बंद खातं

शास्त्रज्ञांनी स्वतःची नोंद दुरुस्त केली, की आपल्या लोकांना कोण आनंद होतो! २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं तेव्हा झाला, तसाच लायबेरियन ग्रीनबुलची हकिकत ऐकूनही होतो. "बघा, म्हणत होतो ना, यांना काही कळत नाही!" असं म्हणून मंडळी आणखी एक कटिंग मागवतात. या मंडळींशी माझं उघड भांडण आहे.

ग्रीनबुल म्हणजे आपल्या बुलबुलाचा आफ्रिकन भाऊबंद. लायबेरियातल्या कॅव्हाला जंगलात वुल्फ गॅटर या जर्मन पक्षितज्ज्ञांना १९८१ ते १९८४ या काळात एक हिरवट पक्षी काही वेळा दिसला. तिथल्याच इक्टेरिन ग्रीनबुलची हुबेहूब प्रत. पंखांवर पांढरे ठिपके तेवढे जास्त. १९८४ मध्ये एकच नमुना हाती लागला आणि १९८५ मध्ये नव्या जातीचं खातं उघडलं. पुढे १९८९ पासून २००३ पर्यंत, मधली थोडी उसंत सोडली, तर देशात यादवी. माणसांचाच ठावठिकाणा लागेना, तिथे पक्षी कोण शोधणार? शांतता झाल्यावर शोध झाले, पण ठिपकेवाला काही भेटला नाही. त्याचं नाव मात्र नामशेष होऊ घातलेल्यांच्या यादीत.

शेवटी २०१७ मध्ये ॲबर्डीन आणि ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी त्या नमुन्याचा डीएनए तपासला. इतर ग्रीनबुल जातींत आपापसांत ठळक फरक निघाला. या दोघांत तसा काहीच नाही. ठिपके बहुधा पिसं फुटताना पोषण कमी पडल्यामुळे आलेले. म्हणजे आपण ज्याला घराण्याची खूण समजलो, ते उपासाचे डाग!

यात हसण्यासारखं काय आहे? बँकेत रोज असं होतं. एका कस्टमर आयडीवर एस. आर. कुलकर्णी, दुसऱ्यावर सदाशिव रामचंद्र. एका फोटोत मिशी, दुसऱ्यात सफाचट. केवायसीच्या वेळी कळतं, गृहस्थ एकच. आम्ही दोन आयडींचा एक करतो. त्यामुळे सदाशिवराव वारत नाहीत आणि आमच्या ब्रँचला कोणी खुळ्यांचा बाजार म्हणत नाही.

उलट गॅटरसाहेबांना हात जोडायला हवेत. दिसलं ते लिहिलं आणि नमुना जपला, म्हणूनच तेहतीस वर्षांनी ऑडिट करता आलं. व्हाउचरच नसतं तर तपासलं काय असतं? अहो, जिथे नोंदच नाही, तिथे चूकही सापडत नाही. न चुकणारे बहुतेक त्याच खात्यात नोकरीला असतात.

पण काहीजण याच्याही पुढे जातात. "पक्षीच नव्हता, तर त्या जंगलाचं एवढं कौतुक कशाला?" इथे मात्र माझं डोकं फिरतं. पश्चिम आफ्रिकेत अपर गिनी जंगलाचा जो काही भाग उरलाय, त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा लायबेरियात आहे. इक्टेरिन ग्रीनबुल तिथे आजही किडे टिपत हिंडतो. आपल्या नावावरून एवढी भवति न भवति झाली, याचा त्याला पत्ताही नाही. खोडलं गेलं ते यादीतलं एक नाव. एक डबल खातं बंद झालं म्हणून कोणी ब्रँचची इमारत पाडत नाही!