धृपद कुणाच्या तोंडचं?

यंत्र गाणी करायला लागलं म्हणून गळे काढणाऱ्यांत मी नाही. स्टुडिओ भाड्याने घ्यायची ऐपत आपल्यातल्या किती जणांची होती? आता मोबाईलवर चार ओळी टाकल्या की चहा गार व्हायच्या आत ढोलकीसकट गाणं हजर. तेव्हा वापरा, बिनधास्त वापरा. माझं भांडण वेगळंच आहे.

गटारात गुदमरून मेलेल्या माणसावर गाणं करायचं होतं. मी आळस केला. यंत्राला म्हटलं, तूच लिही, धृपदासकट. आलं की! अंधार आला, पहाट आली, मशाल आली, एकजूट आली. मेलेला माणूस तेवढा आला नाही. वस्तीतल्या पोरांना ऐकवलं. 'भारी हाय' म्हणाले आणि परत आपापल्या मोबाईलमध्ये गेले. एकानेही ओळ मागे म्हटली नाही. दोस्तांनो, ज्याला मागून आवाज येत नाही ते धृपद नव्हे, ती जाहिरात. यंत्राला शिव्या घालून काय उपयोग? भंकस मागितली मी, त्याने दिली.

खरं तर धृपद आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत (१९२२–२००४) आपलं गाणं लोकांसमोर उभं राहून घडलं. शाहीर कडवं सांगतो, झीलकरी धृपद उचलतात आणि तिसऱ्या फेरीला अख्खा मंडप झीलकरी होतो. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या म्हातारीला दुसऱ्या फेरीत म्हणता आलं पाहिजे. एवढीच कसोटी.

मी यंत्र बाजूला ठेवलं आणि दोनच शब्द घेतले : नाव सांगा. हुकूम आहे, आणि शेवट 'आ'वर, म्हणजे गळा उघडा ठेवून हवं तेवढं ताणा. 'अंधार' ताणून बघा, 'र'वर आवाज अडकतो.

मग कडवी बांधली. पहिल्या कडव्यात पेपरात 'एक कामगार' एवढंच छापलेलं. मेलेल्याचं नाव सांगा. दुसऱ्यात दोर नाही, मास्क नाही. उतरवणाऱ्याचं नाव सांगा. तिसऱ्यात असं उतरवणं गुन्हा ठरवणारा २०१३ चा कायदा, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलेली ३० लाखांची भरपाई, आणि तरीही त्या भोकात पुन्हा पुन्हा आपलीच माणसं. त्या जातीचं नाव सांगा. शब्द तेच, पण दर फेरीला जड होत जातात. धृपदाचा जोर ओरडण्यात नसतो, आधीच्या कडव्याने त्यात काय भरलं त्यात असतो.

एवढं झाल्यावर यंत्राकडे गेलो. कडवं कुठलं, कोरस कुठला ते चौकोनी कंसात लिहिलं. धृपद दर फेरीला पूर्ण लिहिलं. मागच्या घोळक्याने म्हणायचं ते गोल कंसात टाकलं. त्याने 'ळ'चा 'ल' केला, तिथे मी शब्द बदलले. हलगी मागितली तर ढोल बडवला, तो चालवून घेतला. 'नाव सांगा'ला मात्र हात लावू दिला नाही.

संध्याकाळी वस्तीत लावलं. दुसऱ्या फेरीला पोरं म्हणायला लागली. तिसऱ्या फेरीला 'नाव सांगा' झालं आणि मागे उभ्या असलेल्या एका बाईने नाव सांगितलं. तिच्या नवऱ्याचं. ते गाण्यात नव्हतं. मी गाणं बंद केलं. मग ती बराच वेळ बोलत राहिली आणि आम्ही ऐकत राहिलो.

यंत्र आवाज देईल, ताल देईल, घोळकाही देईल. ही बाई देणार नाही. तेव्हा धृपद आधी तिच्यासमोर, आपल्या फाटक्या गळ्याने म्हणून बघा. तिने मान वर केली तरच बटण दाबा.