यंत्राचा झुरका आणि माणसाचा

मंडळी, गेल्या महिन्यात चिरंजीवांचे जॅकेट धुवायला टाकताना सौ.ला खिशात पेनड्राइव्हसारखे काहीतरी सापडले. "तुम्ही इंजिनियर ना, बघा हे काय आहे ते!" नाकाशी नेले तर आंब्याच्या गोळीचा वास. वेप! पुढे घरात काय झाले ते सांगत नाही; मुले तुमच्याही घरी आहेत. पण अकरावीतल्या ह्या पोराचे एक वाक्य डोक्यात राहिले. "बाबा, लॅबमध्ये टेस्ट झालीय. सिगरेटपेक्षा खूप कमी निघतं यातून."

कमी निघतं हे खरंच. पण ओढतो कोण, माणूस की यंत्र? नव्या गाडीच्या काचेवरचा मायलेजचा आकडा आपल्या पायाखाली किती टिकतो, ते आपण जाणतोच.

सिगरेटचे हेच झाले. 1967 पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या पद्धतीप्रमाणे यंत्र दर मिनिटाला एक, दोन सेकंदांचा, 35 मि.ली.चा झुरका घेई. 'लाइट' सिगरेटच्या फिल्टरला बारीक भोके असत. यंत्राला त्यातून हवा मिळे आणि टार कमी दिसे. माणूस मात्र भोके बोटा-ओठांनी झाकायचा, निकोटिन पुरेना म्हणून जोरात ओढायचा. अखेर 2008 साली कमिशनने ती पद्धत सोडली आणि 2010 पासून पाकिटावर 'लाइट' लिहायलाही बंदी आली.

वेपसाठी ठरलेला झुरका 55 मि.ली.चा, तीन सेकंदांचा, दर अर्ध्या मिनिटाला. पण कोणी दोन सेकंद ओढतो, कोणी पाच. निकोटिन कमी असेल तर आणखी लांब. झुरका लांबला, व्होल्टेज वाढवले की कॉइल जास्त तापते आणि वाफेतली रसायने बदलतात.

चूक उलट्या बाजूनेही होते बरं का. 2015 साली पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना 5 व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे सापडली, 3.3 व्होल्टवर सापडली नाहीत. त्याच वर्षी ग्रीसचे डॉ. फार्सालिनोस यांनी अनुभवी वेपरांना बसवून तपासले. कापूस कोरडा पडून करपट चव आली की माणूस थांबतो, आणि अल्डिहाइडचे मोठे आकडे त्या करपट झुरक्यांतच मिळाले. यंत्राला जीभ नाही, ते ओढतच राहते.

म्हणजे यंत्राने दोन वेपची तुलना होते. आपल्या पोराच्या छातीत काय जाते, ते त्याच्या ओढण्यावर ठरते. आणि निकोटिनची सवय लागायला फॉर्माल्डिहाइडची गरजच नाही.

रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसलो. रागवायचे नाही असे ठरवूनच गेलो होतो. म्हटले, "लॅबचं राहू दे. तू दिवसाला किती वेळा ओढतोस?"

"मोजलं नाही."

"सुरुवातीपेक्षा जास्त?"

बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "हो. खूप."

ह्या मंगळवारी दोघे मिळून डॉक्टरांकडे चाललो आहोत.