हेल आणि ओळख

माणूस बोलू लागला, की ऐकणारा त्याच्या हेलावरून त्याचे गाव, प्रांत आणि कित्येकदा त्याची योग्यताही ठरवून टाकतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते. हेलावरून माणसाची परीक्षा मात्र फसू शकते.

१९४० ते १९४५ या काळात नॉर्वे हा देश जर्मनीच्या ताब्यात होता. १९४१ मध्ये एका हवाई हल्ल्यात तेथील एका तरुण स्त्रीच्या डोक्याला बॉम्बचा तुकडा लागला. तिची वाचा गेली, उजवे अंग लुळे पडले. पुढे वाचा परतली. पण मातृभाषेचे सूर बदलून गेले. नॉर्वेजियन भाषेत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थही बदलतो. त्यामुळे तिचे बोलणे परके भासू लागले. लोक तिला जर्मन समजले आणि दुकानदार तिला वस्तू देईनासे झाले. बॉम्बच्या तुकड्याने जिला जखमी केले, तिलाच आपल्या देशात शत्रू ठरवले गेले! मोनराड-क्रोन या मेंदुविकारतज्ज्ञांनी १९४७ मध्ये तिची हकिकत प्रसिद्ध केली.

असे का घडते? बोलताना श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांच्या हालचालींचा मेळ मेंदू घालत असतो. डोक्याला मार लागल्याने किंवा पक्षाघाताने हा मेळ बिघडला, तर स्वर लांबतात, आघात भलत्याच अक्षरावर पडतो, सूर अनपेक्षित जागी चढतो. रुग्ण कोणतीही नवी भाषा शिकलेला नसतो. त्याच्या बोलण्याला परका देश चिकटवतो तो ऐकणाऱ्याचा कान. म्हणूनच एकाच रुग्णाचे बोलणे कोणाला जर्मन वाटते, तर कोणाला फ्रेंच.

हा विकार दुर्मीळ असला, तरी त्यातून मिळणारा धडा सर्वांसाठी आहे. बोलणे एकाएकी बदलले, तर ते सोंग समजून हसू नये; रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे, कारण ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते. पुढे वाचा-उपचारांइतकाच घरच्यांचा धीरही त्याला हवा असतो.

हेल कानाला जाणवणारच. त्यात दोष नाही. दोष आहे तो त्यावरून घाईने निवाडा करण्यात. माणूस कसा बोलतो याआधी तो काय सांगतो आहे, हे ऐकून घेणे, हीच खरी माणुसकी होय.