तोलोलोचं मोजमाप

विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ साली जाहीर झालं. २०११ मध्ये सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण ही गोष्ट सांगताना चिलीतली सेरो तोलोलो वेधशाळा वगळली जाते, हा मला अन्याय वाटतो.

टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेतबटू ताऱ्याचा स्फोट. त्याचं मूळ तेज ठाऊक असेल, तर दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. दुप्पट लांबच्या दिव्याचा उजेड आपल्याकडे चौथा हिस्साच पोचतो. हे सारे स्फोट सारख्याच तेजाचे, असं बरीच वर्षं धरून चालत. १९९१ साली एक नेहमीपेक्षा प्रखर निघाला, दुसरा अगदीच मंद. मग अंतरं काढायची कशाच्या भरवशावर?

उत्तर तोलोलोच्या मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दिलं. जो स्फोट सावकाश विझतो, तो मुळातच जास्त तेजस्वी. शिखर गाठल्यावर १५ दिवसांत उजेड किती उतरला, तेवढं मोजा आणि तेजाचा हिशेब दुरुस्त करा. पण त्यांच्या हाती अवघे नऊ स्फोट होते. नियम पक्का केला तो मारिओ हामुय, होसे मासा, निकोलस सन्टझेफ आणि सहकाऱ्यांच्या कालान-तोलोलो मोहिमेनं. डोंगरावर काचेच्या पट्ट्यांवर आकाश टिपायचं, सांतियागोत त्या पट्ट्या जुन्या पट्ट्यांशी ताडून नवा ठिपका हुडकायचा, आणि मग आठवडेच्या आठवडे त्याचा उतरता उजेड मोजायचा. १९९६ मध्ये अशा २९ सुपरनोव्हांची मोजमापं प्रसिद्ध झाली.

दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद आहेत, म्हणजेच प्रसरण वेग घेतं आहे, हे म्हणायला ही जवळची मोजपट्टी हवीच होती. पर्लमटर यांच्या गटानं आपले ४२ दूरचे सुपरनोव्हा ज्या १८ जवळच्यांशी ताडले, ते तोलोलोचेच. नोबेल तिघांच्या पुढे जात नाही. २००७ चा ग्रुबर पुरस्कार मात्र पर्लमटर यांचा आणि श्मिट-रीस यांचा अशा दोन्ही संपूर्ण गटांना मिळाला, आणि मला तोच न्याय अधिक पटतो.

आज प्रसरणाच्या दराचा वाद पेटला आहे, आणि त्यातही सुपरनोव्हांची हीच मोजपट्टी कामाला येते. सुपरनोव्हांवरून तो दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो, तर विश्वाच्या आरंभकाळच्या प्रारणावरून सुमारे ६७. रीस यांच्या गटानं २०२२ मध्ये काढलेला आकडा जवळच्या ३७ दीर्घिकांमधल्या ४२ सुपरनोव्हांवर उभा आहे.