दोन महिन्यांचे कारभारी आणि तहहयात मुतवल्ली

युरोपची सहल करून आलेली आपली मंडळी अल्-हम्राचे फोटो दाखवतात आणि 'एके काळी आपण काय होतो' म्हणून उसासे टाकतात. हे उसासे आता पुरे झाले. माझे म्हणणे असे की, मुस्लिम प्रवाशाने इटलीतील सिएना शहराचे नगरभवन, पालाझो पुब्लिको, जरूर पाहावे. तिथे आपल्या पूर्वजांचे काही नाही. पण आज आपल्याकडे जे नाही, ते तिथे आहे.

1287 ते 1355 या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाहत होते. प्रत्येक मंडळाची मुदत फक्त दोन महिने. तेवढे दिवस भवनातच राहायचे आणि मुदत संपली की घरी जायचे. लगेच पुन्हा खुर्ची नाही. त्यांच्या बैठकीच्या दालनात अंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये चांगला आणि वाईट कारभार रंगवला. एकीकडे न्यायाच्या तराजूपासून निघालेली दोरी 24 नागरिकांच्या हातांतून जाते. दुसरीकडे शिंगे असलेला जुलमी सत्ताधीश, त्याच्या पायाशी बांधून टाकलेला न्याय आणि उजाड शेते. कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे रोज असे. खजिन्याचे अधिकारी सहा महिन्यांनी बदलत. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांची चित्रे काढलेली लाकडी वेष्टने आजही तिथल्या अभिलेखागारात जपून ठेवली आहेत.

ते नऊ जण फरिश्ते नव्हते. श्रीमंत व्यापाऱ्यांचीच ती सत्ता होती, मजुरांना तिथे जागा नव्हती आणि 1355 मध्ये लोकांनीच ती उलथून टाकली. पण सत्ता हाती आलेला माणूस बिघडतो, हे ओळखून त्यांनी नियम केले. आपण मात्र माणसाच्या दाढीवर विश्वास ठेवतो आणि वही मागत नाही.

'ही ख्रिस्ती लोकांची रीत, आपल्याला काय करायची?' असे कोणी म्हणेल. मग हजरत उमर यांना भर सभेत अंगावरच्या कापडाचा जाब विचारला गेला, ही कथा आपण वाजमध्ये मान डोलावत का ऐकतो? तोच प्रश्न मशिदीच्या ट्रस्टीला विचारला की विचारणारा फितुरी कसा ठरतो?

2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणे हा आपला हक्कच आहे. पण मुतवल्लीने दरवर्षी हिशेब द्यावा, हे 1995 च्या कायद्यातही होते. तेव्हा किती जमातींनी तो मागितला? बापानंतर मुलगा मुतवल्ली, दुकानांची भाडी जुन्या दराने मर्जीतल्या माणसांना, आणि विधवेच्या अर्जाला 'फंड नाही' हे उत्तर. असा कारभार जिथे चालतो तिथे बाहेरच्याला आत शिरायला दार आपणच उघडून देतो.

म्हणून मागणी साधी आहे. ट्रस्टींची मुदत ठरवा, सलग दुसरी मुदत नको, बायकांनाही जमातीच्या सभेत मत द्या, आणि दर सहा महिन्यांचा जमाखर्च मशिदीच्या फलकावर लावा. नमाजाच्या वेळांचा तक्ता लावायला जागा आहे, तर त्याच्या शेजारी या कागदालाही जागा होईल.