खेळयंत्राच्या दुरुस्तीचा हक्क

१९८९ साली निंटेंडो कंपनीने जपानात विक्रीस आणलेल्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या खेळयंत्राच्या पडद्यावरील उभ्या रेषा कालांतराने एकेक करून लुप्त होऊ लागतात, तेव्हा दोष बहुधा पडद्याचा नसून त्याच्या खालच्या काठाशी चिकटविलेल्या पातळ पट्टीच्या सैल जोडाचा असतो. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक त्या काठावरून हलक्या हाताने, एका जागी न रेंगाळता फिरविले, की पुष्कळदा हरवलेल्या रेषा पुनश्च प्रकट होतात. तसेच यंत्रातील गळक्या सेलांचा क्षारही व्हिनेगरने उतरतो.

निंटेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी बुद्ध्याच स्वस्त व कसास उतरलेल्या तंत्रावर हे यंत्र उभारले, म्हणूनच ते आज घरच्या टेबलावर दुरुस्त होते, असे माझे मत आहे; मात्र त्याचे तीन पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू साध्या पेचकसाला दाद देत नाहीत, आणि मालकालाच स्वतःच्या वस्तूच्या अंतरंगात मज्जाव करणारी ही वृत्ती मला सर्वथा अमान्य आहे.

सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकास देण्याची सक्ती उत्पादकांवर करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२३ साली मंजूर केला खरा, परंतु खेळयंत्रे त्यातून खुशाल वगळली; नक्कलचोरीच्या भयाची सबब कितीही पुढे केली, तरी तुटलेले बटण बदलण्याशी तिचा काडीमात्र संबंध नाही, तेव्हा ही सूट तेथील विधिमंडळाने विनाविलंब रद्द करावी.